दुसऱ्याच्या जिभेवर

“आधी वास घ्या. घाई करू नका. मग चमचाभर जिभेवर,” काका म्हणाले.

मावशींनी ग्लासात नाक घातले आणि चटका बसल्यासारखे मागे घेतले. “अगंबाई! हे असलं काहीतरी लोक हौसेनं पितात?”

“पितात. वास कसा आहे ते सांगा.”

“कसा म्हणजे... जुनं लाकडी कपाट उघडावं ना, तसा. आणि त्या कपाटात कुणीतरी ओला टॉवेल ठेवून विसरलंय.”

“ओला टॉवेल,” काकांनी गंभीरपणे मान डोलावली. डॉक्टर पेशंटची तक्रार ऐकतात तशी. “आणि त्या टॉवेलच्या खाली?”

“खाली काय असणार? फळी!” मावशी हसल्या आणि चमचा तोंडात घालून त्यांनी असा काही चेहरा केला की काकांनाही हसू आले.

दुपारची वेळ होती. जेवणारे जेवून गेले होते, संध्याकाळचे यायला अवकाश होता, आणि हॉटेलचा बार पडदे ओढून थंड बसला होता. बाहेर ऊन नुसते आग ओकत होते. आता या दोघांची ओळख करून द्यायला हवी, नाहीतर तुमचा भलताच समज व्हायचा. काका हे तिथले बारमन. त्यांचा जन्म त्या काउंटरमागे गेला म्हटले तरी चालेल. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांच्याहून वयाने मोठी गिऱ्हाइकेसुद्धा. मावशी वरच्या मजल्यावरच्या कपड्यांच्या खोलीतल्या. चादरी, अभ्रे, टॉवेल, टेबलांवरची कापडे, नॅपकिन, सगळा कारभार त्यांच्याकडे. त्यांना सगळे मावशी म्हणत. आता सगळ्यांचे काका आणि सगळ्यांच्या मावशी यांचे एकमेकांशी नाते काय लागते, हा खरा तर प्रश्नच होता, पण इतक्या वर्षांत तो कुणाला पडला नव्हता. त्या दोघांनाही नाही.

काउंटरवर जी बाटली होती ती काचेची नव्हती. मातीची, भाजलेली, तपकिरी, उंच मानेची. आत किती आहे, काय आहे, बाहेरून काही दिसायचे नाही. जिनेव्हर. डच लोकांची जुनी दारू. धान्याची काढलेली, त्यात जुनिपर नावाच्या झुडपाची फळे घातलेली. जिन आता गल्लोगल्ली मिळते, पण ही त्या जिनची थोरली काकू म्हणा. हॉटेलात नव्याने आलेल्या मॅनेजरबाईंनी कुठल्याशा प्रदर्शनातून तिचे एक खोकेच उचलून आणले होते. हॉटेलच्या मागची बाग त्यांनी साफसूफ करून घेतली होती, टेबले मांडायची ठरवली होती, आणि त्या बागेच्या उद्घाटनाला त्यांना एक नवे थंडगार पेय हवे होते. गावात दुसऱ्या कुणाकडे नसेल असे.

“काका, तुम्ही करा,” बाई म्हणाल्या होत्या. “तुमच्या नाकावर माझा पूर्ण भरवसा आहे.”

भरवसा टाकायला बाईंना नेमके नाकच सापडावे! कारण काकांना वास येत नव्हता.

थंडीत त्यांना ताप आला होता. ताप गेला, खोकला गेला, आणि जाताना वास घेऊन गेला. एका सकाळी त्यांनी कॉफी केली तर ती नुसती गरम लागली. गरम आणि कडू. आधी वाटले कॉफी शिळी आहे. मग साबण हुंगला. मग लसूण ठेचून नाकाशी धरला. काही नाही. वास गेला की चवही जाते, हे त्यांना ठाऊक होते. दारूच्या धंद्यात मुरलेल्या माणसाला ते सांगावे लागत नाही. जिभेवर आता फक्त गोड, आंबट, खारट, कडू एवढेच उरले होते. ओळखीच्या डॉक्टरांकडे न जाता ते लांबच्या, कुणी ओळखणार नाही अशा डॉक्टरकडे गेले. तो म्हणाला, “येईल परत. कधीकधी नाही येत.” फार उपयोग झाला म्हणायचा!

काका ज्या खोलीत राहत तिथे ते एकटेच होते. बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती. लेक दुसऱ्या गावी. रविवारी तिचा फोन येई. “बाबा, बरे आहात ना?” “ठणठणीत.” यापलीकडे बोलणे जात नसे. दूध चांगले आहे की नासले, हे आता उकळून पाहिल्याशिवाय कळत नसे. आपल्या अंगाला वास येतो की काय, या धास्तीने ते दोनदा आंघोळ करत आणि दुपारी शर्ट बदलत. दुसऱ्याच्या घरात असे सांगणारे कुणीतरी असते, की अहो, तो शर्ट टाका आता धुवायला. काकांना सांगणारे कुणी नव्हते, म्हणून ते आपले धूत सुटले होते.

बारमध्ये मात्र निभावत होते. जुनी पेये त्यांच्या हातात बसली होती. आणि एक सवय होती त्यांची, ती त्यांनी सोडली नव्हती. नवी बाटली काढली की बूच नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे, क्षणभर थांबायचे आणि मान हलवायची, जणू बाटलीतल्या म्हाताऱ्याने त्यांना ‘ये’ म्हटले आहे. गिऱ्हाइकांना ते फार आवडे. वास गेल्यावरही काका बूच नाकाशी नेत, डोळे मिटत, मान हलवत. नाटक म्हणा हवे तर. पण ते नाटक बंद पडले तर काय, हा विचार आला की काका ग्लास पुसायला घेत. वास न येणाऱ्या बारमनला काउंटरमागे कोण उभे करील? डोळे गेलेल्या ड्रायव्हरला गाडी देण्यातला प्रकार. आणि काउंटर गेला तर उरले काय? ती खोली, आणि रविवारचा फोन.

तेव्हा नवे पेय करायचे म्हणजे संकटच. हातांना ते पाठ नव्हते. तेवढ्यात नॅपकिनचा गठ्ठा घेऊन मावशी खाली आल्या, आणि काकांना सुचले.

“मावशी, एक काम होतं. आपण केलेलं आपल्याला गोडच लागतं बघा. नवी जीभ लागते. दारूला न सरावलेली.”

“मी? मी कध्धी घेत नाही हो!”

“म्हणूनच तर. चमचाभर. गिळूसुद्धा नका.”

असे ते सुरू झाले.

पहिल्या दिवशी ओला टॉवेल. दुसऱ्या दिवशी काकांनी त्यात लिंबू पिळले. मावशी म्हणाल्या, “कपाटाचं दार उघडलं. पण खोलीची खिडकी बंदच आहे.” साखरेचा पाक घातला. “आता कुणीतरी येऊन अत्तर मारून गेलं. खोटं वाटतंय.” पाक कमी केला. आले किसून त्याचा रस घातला, तर म्हणाल्या, “हे काढा. घसा धरला म्हणून प्यावं तसं झालंय.” आले गेले. मग काकांनी काकडी पातळ चिरून लिंबाच्या पाकात सकाळपासून बुडवून ठेवली, दुपारी तो पाक गाळून दारूत मिसळला, वरून बर्फ आणि सोडा. मावशींनी वास घेतला आणि चमचा तसाच हवेत धरून ठेवला.

“काय झालं?”

“थांबा हो. बघू द्या.” पुन्हा वास घेतला. “चादर बाहेर घातलीय. उन्हात नाही, सावलीत. वारा आहे. कपाट कुठेतरी मागे आहे, पण आता त्याचा त्रास नाही.”

काकांनी हे सगळे शब्द मनात साठवून ठेवले. त्यांना चव कळत नव्हती, पण टॉवेल, फळी, खिडकी आणि चादर कळत होती. ‘वारा जास्त’ म्हणजे काकडी वाढवायची. ‘खिडकी बंद’ म्हणजे लिंबू कमी पडलेय. मावशींच्या तोंडून ऐकायचे आणि आपल्या हाताने करायचे, असा त्यांचा हिशेब जमला. इतका जमला की कधीकधी त्यांना वाटे, आपल्यालाच चव येतेय.

डच लोक ही दारू नुसती कशी पितात तेही त्यांनी एकदा दाखवले. लहानसा, वरून उमललेला ग्लास काठोकाठ भरायचा, इतका की उचलला तर सांडेल. मग हात पाठीमागे बांधायचे आणि वाकून पहिला घोट ओठांनीच घ्यायचा. काका वाकले तसे मावशी खो-खो हसत सुटल्या. “दारूपुढे मान तुकवायची! आणि वर म्हणायचं आम्ही मोठे!”

मावशी मग रोज येऊ लागल्या. नॅपकिन नसले तरी येत. केस नीट बसवून येत, आल्यावर उंच स्टुलावर चढून बसत. चमचा जिभेवर ठेवायच्या आधी आणि नंतर त्या बोलत. वर मजल्यावर दिवसभर कुणी नसते. बोलणे साठून राहते. मुलाने नवे घर घेतले, त्यात मावशींना बैठकीत जागा दिली. घडीची खाट. दिवसभर ती भिंतीला उभी करून ठेवायची, रात्री सगळ्यांचा टीव्ही बघून झाला की पाडायची. “सून वाईट नाही हो. पण मला झोप आली तरी मी म्हणते, बघा बघा, मलाही आवडते मालिका. डोळे उघडे ठेवायचे आणि बसायचं. परवा मुलगा म्हणाला, आई, तुझी खाट...”

“आणि शेवटी?” काका म्हणाले.

“काय शेवटी?”

“जिभेवर. चमचा काढल्यावर शेवटी काय राहतं?”

मावशींनी जीभ टाळूला लावून पाहिली. “शेवटी थोडं कडू,” त्या म्हणाल्या. “पण चांगलं कडू.”

“उत्तम,” काका म्हणाले आणि बर्फ फोडायला वळले. मुलगा खाटेबद्दल काय म्हणाला ते राहूनच गेले. मावशींनी ते पुन्हा काढले नाही.

तुम्ही म्हणाल, काका मतलबी. तसे नव्हते. मावशींची सुट्टी असे त्या दिवशी दुपार त्यांना खायला उठे. एकाच ग्लासाला दहादा पुसत ते जिन्याकडे बघत राहत. पण त्याचे कारण त्यांनी स्वतःलाही नीट सांगितले नव्हते. पेय व्हायला हवे म्हणून, असे ते स्वतःला सांगत.

रिकाम्या झालेल्या मातीच्या बाटल्या मावशी मागून वर नेत. “माझ्या खळीला बऱ्या. काचेत खळ उन्हानं आंबते, मातीत गार राहते.” खळ म्हणजे टेबलांच्या कापडांना कडकपणा यावा म्हणून लावायचे ते पाणी. त्यात मावशी सुवासिक तेलाचे दोन थेंब टाकत. काकांनी आनंदाने बाटल्या दिल्या. मातीच्या त्या, फेकायच्या कशाला?

उद्घाटनाच्या दिवशी बाग ओळखू येत नव्हती. झाडांखाली टेबले, टेबलांवर पांढरी कापडे, कडेला काकांसाठी लाकडी काउंटर. ऊन कलले होते पण तापलेली जमीन अजून खालून भाजत होती. मावशी इस्त्री घेऊन खाली आल्या होत्या. चांगल्या हॉटेलात कापड टेबलावर घालून तिथेच त्यावर इस्त्री फिरवतात, म्हणजे घडी दिसत नाही. एकेका कापडावर त्या वाटीतली खळ शिंपडत, इस्त्री फिरवत आणि पुढे सरकत. खळीची बाटली उन्हात नको म्हणून त्यांनी काकांच्या काउंटरच्या सावलीत ठेवली. शेजारी जिनेव्हरच्या बाटल्या. सख्ख्या बहिणी शोभाव्यात अशा सारख्या.

पाहुणे आले. मॅनेजरबाई छान साडी नेसून, हसऱ्या चेहऱ्याने सगळ्यांना बसवत होत्या. बारचे सर्वांत जुने गिऱ्हाईक असलेले निवृत्त डॉक्टर पहिल्या टेबलावर. बाईंनी टाळी वाजवली. “आमच्या काकांनी खास या बागेसाठी एक पेय केलंय. पहिला ग्लास डॉक्टरांना!”

सगळ्यांनी माना वळवल्या. काकांनी पांढरा कोट सारखा केला, हात लांब करून बाटली घेतली, बूच काढले. बूच नाकाशी नेले. डोळे मिटले. काकांनी सावकाश मान हलवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग जगमध्ये काकडी मुरलेला लिंबाचा पाक, बर्फ, आणि बाटलीतले भडाभडा. वरून सोडा. लिंबाने मुळातच गढूळ दिसणाऱ्या पाण्यात आणखी काय गढूळ दिसणार? काकांनी पहिला ग्लास डॉक्टरांपुढे ठेवला, दुसरा बाईंपुढे.

डॉक्टरांनी घोट घेतला. तोंडातच धरला. त्यांच्या भुवया वर गेल्या. मग कसाबसा गिळला आणि म्हणाले, “काका, हे पेय आहे की धुतलेली चादर?”

लोक हसले. काकाही हसले, त्यांना ती शाबासकी वाटली. चादर! मावशींचाच शब्द! मग त्यांनी बाईंकडे पाहिले. बाई हसत नव्हत्या. त्यांनी ग्लास खाली ठेवला होता आणि रुमालाने ओठ टिपत होत्या.

“यात दारूच नाहीये,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “हे काय आहे?”

तेवढ्यात शेवटच्या टेबलाकडून मावशी आल्या, इस्त्री हातात. “माझी खळीची बाटली इथं ठेवली होती हो...” आणि त्यांचे लक्ष काकांच्या हातातल्या बाटलीकडे गेले.

कुणाला काही सांगावे लागले नाही. हसू एकदम विरले. डॉक्टरांनी ग्लास दूर सारला.

“माझीच चूक,” मावशी घाईघाईने म्हणाल्या. “मीच मेलीनं इथं ठेवली. काकांचा काही दोष नाही. बाटल्या सारख्याच...”

“पण काका, तुम्ही वास घेतलात,” बाई म्हणाल्या. रागाने नाही, त्यांना खरोखरच कळत नव्हते. “आत्ता. मी बघत होते. वास घेऊन मान हलवलीत.”

एक गंमत सांगून सुटका करून घेता आली असती. काका त्यात वाकबगार होते. सर्दी झालीय म्हणता आले असते. मावशींनी तर दोष अंगावर घेतलाच होता, नुसते गप्प राहिले असते तरी निभावले असते. काकांनी हातातल्या बुचाकडे पाहिले.

“मला वास येत नाही,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“थंडीतल्या तापापासून. मुळीच नाही.”

मावशींच्या हातातली इस्त्री खाली आली. काकांनी त्यांच्याकडे पाहिले, आणि त्यांना दिसले की मावशी मागे मागे जात आहेत. जागच्या जागी उभ्या, पण मनाने एकेका दुपारीत शिरून बाहेर येत आहेत. चमचा. टॉवेल. नवी जीभ. त्यांचा चेहरा आधी फिका पडला आणि मग अगदी नेहमीसारखा झाला. कपड्यांच्या खोलीतल्या मावशींचा. त्यांनी बाटली उचलली, इस्त्री उचलली आणि जिन्याकडे चालू लागल्या.

काकांनी नवी, सील न फोडलेली बाटली काढली. या वेळी बाईंनीच वास घेऊन खात्री केली. पेय झाले, ग्लास फिरले, आणि खोटे कशाला बोला, लोकांनी तोंड भरून वाखाणले. डॉक्टरांनी दुसरा मागून घेतला. “वा! काय थंड वाटतंय पोटाला!” काका ग्लास भरत राहिले. कुणी काही म्हणाले की ते मान लववत, पण नजर जिन्याकडेच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी त्यांना ऑफिसात बोलावले. “वास गेला यात तुमचा काय दोष? पण मला सांगायला हवं होतंत. कुणाच्या पोटात भलतंसलतं गेलं असतं म्हणजे? आता फक्त सीलबंद बाटल्या वापरा, आणि प्रत्येक बाटली दुसऱ्या कुणाला तरी दाखवून. उन्हाळा होऊन जाऊ दे. मग बघू.”

‘मग बघू’ याचा अर्थ कळायला नाक लागत नाही. काका “बरं” म्हणून बाहेर आले. महिनोन्महिने ज्याची धास्ती घेतली होती ते समोर येऊन उभे राहिले होते, आणि त्याचे त्यांना म्हणावे तेवढे वाटत नव्हते. याचेच त्यांना नवल वाटले.

दुपारी मावशी नॅपकिन घेऊन आल्या. काउंटरवर गठ्ठा ठेवला. “मोजून घ्या.”

“बसा ना,” काका म्हणाले. “आज काकडी जरा...”

“गिऱ्हाइकं पितायत ना? मग चांगलंच असेल.”

“मावशी, ऐका. मी सांगायला पाहिजे होतं.”

“सांगितलं असतंत तर आले नसते का मी? चमचा धरायला काय जातं माझं?” त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरे झाले असते. “मला वाटायचं, यांना माझं बोलणं ऐकायला आवडतं. घरी जाताना वाटेत आठवायची मी, उद्या काय सांगायचं ते. म्हातारपणी हे असलं! हसायलाच येतं.”

“आवडतं मला. देवाशपथ आवडतं.”

“हो? मग सांगा. माझा मुलगा काय म्हणाला खाटेबद्दल?”

काकांनी तोंड उघडले. त्यांना ओला टॉवेल आठवत होता. फळी, खिडकी, खोटे अत्तर, सावलीतली चादर, शेवटी राहणारे चांगले कडू, सगळे शब्दन् शब्द आठवत होते. खाट कुठेतरी होती. पण ती कुणाची, कुठे ठेवलेली, तिचे काय झाले, काही हाती लागेना.

“बघा,” मावशी म्हणाल्या. त्यांनी गठ्ठ्यावरचा एक नॅपकिन सारखा केला आणि त्या निघून गेल्या.

त्यानंतर नॅपकिन येत, पण जिन्याच्या पायरीवर ठेवलेले असत. काका दुपारी पडदे ओढून बसत. पेय छान जमे, बाग भरे, गावात त्याचे नाव झाले होते. एकट्याने चमचा जिभेवर ठेवला की आंबट लागे, गोड लागे, आणि मागाहून कडू. बस्स, तेवढेच. रविवारी लेकीचा फोन आला. “बाबा, बरे आहात ना?” काका म्हणाले, “नाही गं. वास गेलाय माझा,” आणि पलीकडे ती रडायलाच लागली, तेव्हा तिचीच समजूत घालत बसावे लागले. पण फोन ठेवल्यावर त्यांना वाटले, इतके सोपे होते तर आधी का नाही सांगितले?

आणि मग एके दुपारी, आठवडाभर मनाशी झगडून, ते वर गेले.

इतक्या वर्षांत ते त्या मजल्यावर गेले नव्हते. जिना शेवटी अरुंद होत जातो आणि त्यापुढे एकच दार. आत पाऊल टाकताच उकाड्याने त्यांचा जीव घाबरा झाला. डोक्यावर पत्रा. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर पांढऱ्या घड्या. खाली बागेत लोक थंड पेय पीत होते त्याच्या अगदी वर ही भट्टी. मावशी मोठ्या पलंगाची चादर घडी करत होत्या. एकट्या माणसाला ती धरता येत नाही. म्हणून त्यांनी भिंतीत दोन खिळे ठोकले होते, एका बाजूचे दोन कोपरे त्या खिळ्यांना अडकवायचे, दुसरी बाजू ओढून ताठ करायची, मग धावत जाऊन कोपरे सोडवायचे. सोडवेपर्यंत चादर खाली लोंबे. मग पुन्हा झटका.

मावशींनी त्यांना पाहिले. “काय हवंय?”

“काही नाही.”

“नॅपकिन ठेवलेत खाली.”

“हो. मिळाले.”

काका दारातच घुटमळले. खूप काही घोकून आले होते. त्यातले एकही वाक्य आता कामाचे वाटेना. ते भिंतीकडे गेले आणि खिळ्यांवरचे दोन्ही कोपरे त्यांनी सोडवून हातात धरले.

मावशी पाहत राहिल्या. “ते काम तुमचं नाही.”

“माहीत आहे.”

“कोट खराब होईल.”

“होऊ दे.”

थोडा वेळ तशीच चादर दोघांच्या मधे झोपाळ्यासारखी लोंबत होती. मग मावशींनी आपली बाजू ओढली. काकांनी ओढली. चादर ताठ झाली. मावशी चार पावले पुढे आल्या, आपल्या हातातले कोपरे काकांच्या हातात दिले, खालची घडी उचलून मागे गेल्या. बोटांना बोटे लागली तेव्हा मावशींनी नजर वर केली नाही. एक झाली. दुसरी घेतली. काकांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. तो पुसायला हात मोकळा नव्हता.

“खाटेचं विसरलो मी,” तिसऱ्या चादरीला काका म्हणाले. “तुम्ही सांगितलं होतंत आणि मी ऐकलं नाही. मला फार वाईट वाटतं त्याचं.”

मावशींनी चादर झटकली, तेव्हा तिचा आवाज मात्र जरा जोरात झाला.

खिडकीतून मॅनेजरबाईंची हाक आली. “काका! अहो काका! लोक थांबलेत!”

बारमध्ये काकांना हाक मारावी लागली, असे कधी घडले नव्हते. गिऱ्हाईक दारात दिसायच्या आत ते काउंटरमागे उभे असत. उन्हाळा होऊन जाईपर्यंत तरी तसेच असायला हवे होते.

“जा,” मावशी म्हणाल्या. “बोलावतायत.”

“थांबू देत,” काका म्हणाले. “ही एवढी होऊ दे.”

“अहो, लोक खोळंबलेत तिथं.”

“ऐकलं मी.”

खालून पुन्हा हाक आली. मावशींनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिले. भिजलेला कोट, लाल झालेला चेहरा, आणि दोन्ही मुठींत घट्ट आवळलेले कोपरे. मग त्यांनी आपल्या बाजूची पकड बदलली आणि एक पाऊल मागे सरकल्या.

“मग नीट ओढा,” त्या म्हणाल्या. “तुमच्या बाजूला सुरकुती राहतेय.”